बिब्ब्याचे पाच डाग

कादंबरीत हरवलेलं मूल वीस वर्षांनी परत येतं, सदरा वर होतो, जुना व्रण दिसतो आणि आई हंबरडा फोडते. असलं काही वाचलं की मी पुस्तक मिटून टाकतो. लिहिणाऱ्यानं आमच्या यवतमाळकडची पोरं उघडी पाहिलेली नसतात.

आमच्याकडे लेकराचं पोट दुखलं की बिब्बा तापवून त्याचं तेल सुईच्या टोकानं पोटावर टेकवायचे. कातडी भाजायची आणि काळा डाग जन्मभर राहायचा. आम्ही ख्रिस्ती, वडील दवाखान्यात कंपाउंडर. तरी आईनं त्यांच्या चोरून माझ्या धाकट्या बहिणीच्या बेंबीभोवती पाच बिब्बे दिले. वडील आठवडाभर आईशी बोलले नाहीत.

छप्पन-सत्तावन्नची गोष्ट. वणीच्या जत्रेत आईचं बोट सुटलं आणि चार वर्षांची ती बहीण हरवली. चौकीत आईनं मोठ्या भरवशानं सांगितलं, "साहेब, पोटावर पाच बिब्बे हायेत तिच्या."

"बाई, कोन्या पोराच्या पोटावर नाहीत?" शिपाई म्हणाला. तो काही खोटं बोलत नव्हता.

तीन वर्षांनी निरोप आला, आर्णीत एका पिंजाऱ्याच्या घरी सापडलेली मुलगी वाढते आहे. आम्ही गेलो. पिंजाऱ्याच्या बायकोनं तिचा कुडता वर केला. बेंबीभोवती पाच डाग होते. आईनं एकेकाला बोट लावून पाहिलं. मुलगी अंग चोरून "अम्मी" म्हणत त्या बाईच्या मागं लपली. आई मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली. वडिलांनी पुन्हा नीट बघायला सांगितलं.

"नाही. माही नाही हे," आई म्हणाली आणि उठली.  परतताना मोटारीत मला रडू आवरेना.

पुढच्या ईस्टरला चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मरणातून उठलेल्या प्रभूची गोष्ट वाचली. शिष्याला शंका आली, मग प्रभूनं हातावरचे खिळ्यांचे व्रण दाखवले. उपासना संपल्यावर आई त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पाळकसाहेब, शेजारच्या दोन चोरायलेही क्रुसावरच चढवलं होतं ना? त्यायच्या हातावरही तसेच डाग असन. मंग शिष्यायनं वळखलं कसं?"

त्यांनी हातातलं बायबल मिटलं. मग म्हणाले, "नुसत्या डागांवरून नाही, बाई. विश्वासानं."

आईनं मान हलवली. पदर सारखा केला.

"मंग आर्णीत माहाच कमी पडला असन," ती म्हणाली.