मागचे दिवे

साठीला टेकलेल्या माणसानं दोन दारांची, जमिनीला पोट टेकवून चालणारी गाडी घ्यावी, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. पण ह्यांनी घेतली. पुण्याहून आणली, कुणाची तरी वापरलेली, गडद निळी. साडी नेसून तिच्यात बसायचं म्हणजे आडात उतरायचं, आणि बाहेर यायचं तर कुणी तरी हात द्यायलाच हवा. एकदा एका लग्नात कार्यालयाच्या दारातच मी अशी अडकले की नवरीपेक्षा माझेच फोटो जास्त निघाले असतील. हे बाजूला उभे राहून हसत होते. घरी आल्यावर मी दोन दिवस बोलले नाही.

ह्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. मूळ मंगळवेढ्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. मिसरूड फुटायच्या आधी ट्रॅक्टर चालवला, मग टेम्पो, आणि मग सोलापुरात दुकान टाकलं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांना क्लचप्लेट आणि ब्रेक लायनर पुरवले. त्यामुळे स्वतःची अशी एक गाडी असावी ही हौस मी समजू शकत होते. फक्त ती बसता-उठता येईल अशी असावी, एवढंच माझं म्हणणं होतं.

गाडी ऑटोमॅटिक होती. क्लच नाही, गिअर टाकायचं काम नाही. मग ह्यात चालवायचं काय राहिलं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी स्टिअरिंगच्या मागच्या दोन पट्ट्या दाखवल्या. पॅडल म्हणायचं त्यांना. उजवी ओढली की गिअर वर जातो, डावी ओढली की खाली येतो. मंगळवेढ्याच्या सरळ रस्त्यावर गाडी सुसाट निघायची. पुढं उसाचा ट्रॅक्टर दिसला की हे डाव्या हाताची बोटं दोन-तीनदा ओढायचे. इंजिन गुरगुरायचं आणि मागून कुणी पदर धरावा तशी गाडी आवरायची.

"बघितलं का? ब्रेकला पाय बी लावला न्हाय," ते म्हणायचे. "ब्रेक दाबून काय, कुणीबी थांबतंय."

"तबला शिकायचा राहिलाच होता तुमचा. घ्या शिकून," मी म्हणायचे.

ते खूश व्हायचे. मला चालत्या गाडीत गप्प बसता येत नाही, आणि त्यांना माझ्या टोमण्यांवाचून गाडी चालवता येत नव्हती. ती वर्षं चांगली गेली.

साखर ह्यांना जुनीच. गोळ्या चालू होत्या, पथ्य सणावारी बंद असायचं. एकदा मे महिन्यात, पाणी यायच्या दिवशी, टाकी भरली का बघायला ते भर दुपारी अनवाणीच गच्चीवर गेले. सोलापुरातल्या गच्चीवर त्या वेळी पापड भाजून निघतील. मी जिन्याच्या दारातून हाका मारत होते, आणि हे टाकीपाशी निवांत उभे होते. खाली आले तेव्हा तळवे लालबुंद झालेले. "शेतातले पाय हायत," ते म्हणाले. मला त्या वेळी कौतुकच वाटलं. पुढं एकदा ते दुकानातून एकाच पायात चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठं निसटली त्यांना ठाऊकच नव्हतं. आम्ही दोघं पोट दुखेपर्यंत हसलो.

मी बँकेत होते. माझी स्कूटर, त्यांची गाडी, निघायच्या वेळा वेगळ्या. एका सकाळी आम्ही बरोबरच निघालो. होटगी रोडला ते पुढं, मध्ये कॅन लावलेला एक दूधवाला मोटारसायकलवर, त्याच्या मागं मी. स्पीडब्रेकर जवळ आला तसं इंजिनाचं ते गुरगुरणं ऐकू आलं आणि गाडी एकदम मंदावली. मागचे लाल दिवे लागलेच नाहीत. दूधवाल्यानं करकचून ब्रेक मारला, त्याची मोटारसायकल आडवी गेली, एका कॅनचं झाकण उडालं. त्याचं डोकं बंपरपासून हातभर अंतरावर राहिलं.

"दिवं तरी नीट करा की वो! मरतो की आमी हितं!" तो ओरडला. ह्यांच्या काचा बंद होत्या. ते पुढं निघून गेले, आणि त्याच्या शिव्या मी ऐकून घेतल्या.

संध्याकाळी मी सांगितलं, "तुमच्या गाडीचे मागचे दिवे गेलेत. एक जण मेला असता आज."

"व्हय? बल्ब गेला असंल. बघतो," ते भाकरी मोडत म्हणाले.

पुढच्या आठवड्यात ते म्हणाले, बदलला. मी मुद्दाम एकदा मागं राहून पाहिलं. गाडी मंदावली आणि दिवे तसेच विझलेले. मी भडकले. स्वतःचं दुकान बल्बांनी भरलेलं आणि स्वतःच्या गाडीला एक बसवता येत नाही! आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला मी परस्पर घरी बोलावलं. तो गाडीत बसला, मी मागं उभी राहिले. त्यानं ब्रेक दाबला. पोर्चची भिंत लाल झाली. सोडला, विझली. परत दाबला, परत लाल झाली.

"दिव्यांना काय बी झालं न्हाय, वहिनी," तो म्हणाला. "कंपनीचेच हायत अजून. कुणी हात बी लावला न्हाय."

तो चहा घेऊन गेला. मी त्या भिंतीकडे बघत उभी राहिले. बल्ब गेला नव्हता आणि बदललाही नव्हता. मग दिवे का लागत नव्हते, याचं उत्तर एकच होतं, आणि ते मला नको होतं.

रविवारी मंगळवेढ्याला दिरांकडे जायचं होतं. मी शेजारी बसले. वाटेत रस्ता रिकामा बघून मी म्हणाले, "ब्रेक लावा."

"कशाला? पुढं कोन बी न्हाय."

"लावा म्हणते ना. पायानं."

त्यांची डावी बोटं पट्टीकडे गेली. मी त्यांचा हात धरला. तेव्हा त्यांनी रस्त्यावरची नजर काढून खाली पाहिलं. स्वतःचा पाय कुठं आहे ते बघायला. तेवढ्यात गाडी रस्त्याच्या कडेला सरकली, चाकाखाली माती वाजली. कसंबसं सावरून, गिअर खाली-खाली आणत, शेवटी डाव्या पायानं ब्रेक चाचपत त्यांनी ती ज्वारीच्या रानाशेजारी उभी केली.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "उजवा पाय हाय का न्हाय, त्येच कळत न्हाय मला. रेस देतो कसातरी. पर ब्रेक किती दाबला ते कळत न्हाय. एकदा दाबाय गेलो आन् पाय रेसवरच व्हता." त्यांनी बोटं पुढं केली. "ह्यांना कळतंय की सगळं."

"आणि मागून येणाऱ्याला? त्याला कसं कळायचं?"

मला आधी राग आला, नुसता राग. भीती नंतर आली. गाडीची ती हौस मी इतकी वर्षं चेष्टेवारी नेली होती, आणि तिच्याच आड त्यांनी पाय गेलेला लपवला होता. हौस कधी संपली आणि नाइलाज कधी सुरू झाला, हे शेजारी बसूनही मला कळलं नाही.

परत येताना गाडी मी चालवली. मला तिची सवय नव्हती. जरा काही दिसलं की मी ब्रेक दाबत होते आणि गाडी हिसके खात होती. एरवी त्यांनी मला फाडून खाल्लं असतं. त्या दिवशी ते मांडीवर हात ठेवून बसले होते. समोरून ट्रक आला तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर दोनदा हलली. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

चावी मी ज्वारीच्या पिठाच्या डब्यात ठेवली. मोठं भांडण होईल म्हणून मी तयारीत होते, पण ते चावीचं एकदाही बोलले नाहीत. दुकानाला रिक्षानं जायला लागले. दुपारी घरी असले की पोर्चमध्ये गाडीचं दार उघडून आत बसायचे. मी स्वयंपाकघरात असायचे आणि मला तो आवाज यायचा, टक, टक. बंद गाडीचे गिअर ते खाली आणत होते. थांबा म्हणायला मी कितीदा तरी दारापर्यंत गेले आणि परत आले.

त्याच पावसाळ्यात उजव्या तळव्याला फोड आला. तो त्यांना दुखला नाही, म्हणून दिसलाही नाही. मोजे काढताना मलाच वास आला. आधी दोन बोटं काढली. जखम भरलीच नाही, तेव्हा डॉक्टर म्हणाले की पाय गुडघ्याखालून काढावा लागेल. मी रडत होते. हे म्हणाले, "न्या की. तसा बी त्यो गेल्यालाच हाय." डॉक्टरांनी मान खाली घातली. दवाखान्यातून ह्यांना घरी आणलं तेव्हा पोर्चमध्ये गाडी आडवी येत होती, व्हीलचेअर तिच्या कडेनं जाईना. ती विकायची हे तिथंच ठरलं.

घ्यायला एक तरुण आला. लग्न ठरलेलं, डोळ्यांत तीच चमक. त्यानं आत बसून पट्ट्या ओढून बघितल्या. हे व्हीलचेअरवरून त्याला सांगत होते, कुठल्या वेगाला किती खाली आणायचं, इंजिन कसं ऐकायचं. मग म्हणाले, "पर ब्रेकला पाय लावत जा. मागच्याला दिसाय पायजे." तो "हो काका, हो काका" करत हसला. त्याला काय कळणार?

चावीला ज्वारीचं पीठ लागलेलं होतं. मी ती पदरानं पुसून दिली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. मी ह्यांची खुर्ची फाटकापर्यंत नेली. आमच्या गल्लीच्या टोकाला एक स्पीडब्रेकर आहे, ह्यांनी तिथं ब्रेकला पाय कधी लावल्याचं मला आठवत नाही. गाडी तिथं पोचली आणि मागचे दोन्ही दिवे लागले, लालभडक.

ह्यांनी ते विझेपर्यंत पाहिलं. गाडी वळून दिसेनाशी झाली. त्यांचा हात रिकाम्या लेंग्यावर होता.

"पाय चांगला हाय त्येचा," ते म्हणाले.