टेकडीचा भाव

नेल्डाला हसताना आमच्या चर्चमध्ये फारसं कुणी पाहिलेलं नाही. नवरा गेल्यावर टेकडीवरचं गव्हाचं रान ती एकटी ट्रॅक्टरवर बसून करायची. पण माती रेताड. आमच्या कॅन्ससचा वारा सुटला की पेरणीसकट माती शेजारच्या रानात जाऊन पडे. ते रान तिच्या दिराचं, डेल्बर्टचं. वहिनी थकली की टेकडी मातीमोल भावात आपल्याच पदरात पडणार, असं तो चारचौघांत बोलून दाखवायचा.

गुडघे साथ देईनात, तेव्हा नेल्डाने टेकडी सरकारच्या योजनेत घालायचं ठरवलं. नांगर थांबवून गवत लावायचं, सरकार दहा वर्षं भाडं देतं. सरकारने ठरवलेल्या वरच्या दरापर्यंत भाडं किती हवं ते आपणच लिहून द्यायचं. जो कमी मागेल आणि चांगलं गवत, रानफुलं लावेल, त्याची जमीन आधी घेतात. म्हणून आपला आकडा इथे कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही.

“शेतात तण वाढवायला पैसे मागतात, लाज नाही,” असं कालपर्यंत म्हणणारा डेल्बर्ट आपणहून तिच्या दारात आला. सगळ्यात वरचा दर माग, सरकारला काय कमी आहे, म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने तिला धड ‘कशी आहेस’ विचारलं नव्हतं. नेल्डाने मान डोलावली, कॉफीही दिली. मग कचेरीत जाऊन वरच्या दराच्या निम्मंच भाडं मागितलं आणि रानफुलांचं महागडं बी पेरायचं कबूल केलं.

टेकडी घेतली गेली. त्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. डेल्बर्ट ताटली घेऊन तिच्यासमोर उभा राहिला.

“माझी सोडून तुझी कशी घेतली गं? माझा आकडा तुझ्यापेक्षा कमी होता.”

त्यानेही अर्ज केला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. नेल्डाने काटा खाली ठेवला.

“माझा आकडा तुला कुणी सांगितला?”

“सांगायला कशाला हवं? मीच तर तुला...”

“थांबलास का? बोल. एवढी माणसं ऐकतायत.”

तो ताटली तिथेच टाकून निघून गेला.

आता टेकडीवर गुडघाभर गवत आहे, आणि डेल्बर्टची धूळ कुंपणाशी साचते. पाद्रीबाबांनी नेल्डाला क्षमेबद्दल समजावून पाहिलं.

“देवाला सांगितलंय, माझ्याने होत नाही. आता त्याचं तो बघेल,” ती म्हणाली.

डेल्बर्टच्या बाजूच्या फाटकाला तिने लावलेलं कुलूप अजून तसंच आहे.