वेणूबाईच्या धुऱ्यावरचं गवत

वेणूबाईवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी पोळ्याच्या करीला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी), सकाळी, न्याहारीच्या वेळेला. एका संशोधन केंद्राची जीप जळगाव जामोद तालुक्यातल्या तिच्या गावात आली. तिच्या धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) चिकटा नावाच्या जंगली गवताची कणसं नेली, बी उगवतं कसं तेही तिलाच विचारून घेतलं, आणि पाकिटावर लिहिलं, 'रस्त्याकडेचं बेवारस गवत'. बेवारस! मालकीण समोर चहाचे कप घेऊन उभी असताना!

केंद्रात रोजंदारीवर असलेल्या तिच्या भाचीने गेल्या महिन्यात त्या पाकिटाचा फोटो मला पाठवला. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. शेवटची ओळ ठळक : 'आज बी नेलं, उद्या धुरा नेतील!' ही ओळ मला फार आवडली होती. एक गठ्ठा गावात पाठवला, बाकीचे पुण्यात तुम्हाला वाटले, आणि यंदाच्या पोळ्याला दहा दिवस असताना गाडीत बसले.

शेगावला सकाळी उतरले. दर्शनाला आलेल्या गर्दीबरोबर बाहेर पडून कचोरी घेतली, ती तशीच पिशवीत टाकली. भाचीने कळवलं होतं, पोळ्यानंतर ही पाकिटं देशभरच्या प्रयोगशाळांना जाणार होती. एकदा गेली की तो 'बेवारस' शिक्का कोण पुसणार?

आधी शेगावजवळचं ते केंद्र गाठलं. हिरव्या जाळीखाली चहाच्या कपाएवढ्या कुंड्यांत वीतभर चिकटा, इवल्या कणसांसकट. संशोधक बाई माझ्याच वयाच्या निघाल्या.

"औषधांच्या प्रयोगाला जसा उंदीर, तसं ज्वारी-मक्याच्या प्रयोगाला हे गवत," त्या म्हणाल्या. "त्यांचंच भावंड आहे, पण लहान. दोन-अडीच महिन्यांत बी देतं, म्हणजे वर्षात तीन-चार पिढ्या बघता येतात. उन्हात तगायचा गुण कोणत्या जनुकात आहे ते इथे सापडलं, की ज्वारीत शोधायचं."

"आणि वेणूबाई?"

त्यांनी नजर वळवली. "ताजं बी उगवतच नव्हतं. धूर द्यायला त्यांनीच सांगितलं. पण फॉर्ममध्ये रकानाच नव्हता हो."

"मग रकाना वाढवा!"

"एका अर्जाने वरिष्ठ हलत नाहीत. पोळ्याच्या आत पुष्कळ लेखी मागण्या आल्या, तर मी फाईल वर पाठवते."

दुपारच्या बसने जळगाव जामोद. उत्तरेला सातपुडा निळ्याचा हिरवा होत जवळ येत होता, आणि मी पिशवीचे बंद पिळत होते. तिथून गावाकडच्या ऑटोत शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोणाच्या घरी जाऊन राह्यली, बाई?"

"वेणूबाईंच्या."

"धुऱ्याच्या भांडणाले काय?" तो हसला. कसलं भांडण?

धुरा पिवळा पडला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत जळालेलं गवत आणि तणनाशकाचा वास. वेणूबाई शेळीचा दोर धरून उभी होती. पलीकडे तिचा शेजारी पुंजाजी.

"तुमीच ना त्या पत्रकवाल्या?" तो म्हणाला. "अर्धा धुरा माहा हाय. गवतापायी उद्या धुरा नेतीन, असं तुमीच लिवलं. म्हनून गवतच नाही ठेवलं. परवाच फवारा मारला."

"अहो, ते जमिनीबद्दल नव्हतं..."

"मंग जमीन काऊन लिवली?"

मी डोळे पुसले. ओळ ठसकेबाज होती, एवढंच.

"रडू नोको. भाकर खाय," वेणूबाई म्हणाली आणि घरी घेऊन गेली. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची), ठेचा. चुलीवर काजळीने काळं झालेलं एक गाठोडं टांगलेलं होतं.

"हे चिकट्याचं बी. धुरात राह्यलं की जागं होते. जिथं धुरा उघडा पडला तिथं फेकतो आमी. माती धरते, शेळ्याइले चारा होते. फवारा उतरू दे, मंग फेकीन."

"उगवेल?"

"जुनं, पारसालचं हाय. फेकल्यावर समजन. नाही उगवलं, तं त्या जीपवाल्याइले मांगा लागन. पन कोन्या तोंडानं मांगू? पाकिटावर तं मी नाहीच. माह्या सासूनं राखलं, मी राखलं. बेवारस म्हने! मी काय मेली?"

दारात पुंजाजी ऐकत उभा होता. हातात माझं पत्रक. "मांगच्या बाजूनं कोरंच हाय हे," तो म्हणाला. "कामाचं लिवा ना काही."

मग त्यानेच बसून लिहिलं : 'हे गवत वेणूबाईनं राखलं. मी शेजारी. मले माहीत हाय.' खाली सही. वेणूबाई चुलीकडूनच म्हणाली, "फवारा मारला तेबी लिव." त्याने तेही लिहिलं.

तो कागद मी परतताना केंद्रात देऊन आले. एकच कागद. गाडीत रात्रभर त्या गाठोड्याचाच विचार. जे बी एका बाईने चुलीच्या धुरात जिवंत ठेवलं, ते मी एका ओळीने धुऱ्यावरून संपवलं असेल का?

पत्रक तुमच्या घरी आहे. ते काढा. पुढच्या बाजूची शेवटची ओळ खोडा. ती माझी चूक. कागद उलटा, कोऱ्या बाजूवर लिहा : 'चिकट्याच्या प्रत्येक पाकिटावर वेणूबाईचं नाव घाला, आणि ती मागेल तेव्हा तिचं बी तिला परत द्या.' सही करा. केंद्राचा पत्ता तळाशी आहेच. पोळ्याच्या आत पोचायला हवं. आजच टपालात टाका.