मामंजींचं ऐकणं

दुरुस्त केलेला अँप्लिफायर आमचे मामंजी गाणं लावून कधीच तपासत नसत. स्पीकर जोडायचे, बटण दाबायचे आणि डोळे मिटून बसायचे. मुक्या स्पीकरकडे कान देऊन बसलेला तो उंच, सावळा माणूस मी लग्न होऊन आले तेव्हा मला भजनात रमल्यासारखा वाटला होता. "गाणं काय, कशावरबी वाजतंय की," ते म्हणायचे. "गप ऱ्हातंय का ते बघायचं."

माझे हे सासरे मूळचे कोडोलीचे. उभी हयात एका साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात गेली. निवृत्तीनंतर कळंब्याच्या घराच्या मागच्या सोप्यात त्यांनी टेबल मांडलं. भजनी मंडळांची, तालमींची, बँडवाल्यांची बिघडलेली मशिनं तिथं यायची. आवाज फाटलेला असो की पार बसलेला, ते आधी पॉवर सप्लायच उघडत. "आधी पोट बघायचं, मग गळा." ट्रान्सफॉर्मर वीज उतरवतो, डायोड तिला एकाच दिशेनं सोडतात आणि कंडेन्सर टाकीतल्या पाण्यासारखी साठवून संथ करतो, हे त्यांनी मला भाजी निवडता निवडता समजावलं होतं. मशीन सुरू करताना विजेच्या वाटेत एक साधा बल्ब जोडायचे. तो क्षणभर पेटून मंदावला की ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट. तो पिवळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर चढायचा आणि हळूहळू विरायचा. मी हातातली भाजी विसरून बघत राहायची.

बंद केलेल्या मशीनलाही ते लगेच हात लावू देत नसत. कंडेन्सरमध्ये वीज उरलेली असते. एकदा नवऱ्याशी भांडून मी सोप्यात येऊन बसले. तो समजूत घालायला आला, तर मामंजींनी त्याला दारातूनच परतवलं. "बंद झालंय म्हंजे उतरलंय असं न्हाय. थांब जरा." मला हसू फुटलं आणि भांडण तिथंच संपलं.

मग एका श्रावणात त्यांची बहीण, आक्का, कोडोलीहून बायकांच्या भजनी मंडळाचं मशीन घेऊन आल्या. "दादा, अभंग कमी आन् भुंगाच जास्त ऐकू येतोय. उद्या सप्ता बसणार हाय." मामंजींनी दुपारभर खपून कंडेन्सर बदलला. बटण दाबलं, डोळे मिटले. चेहरा निवळला. "गार झालं. घिऊन जा."

स्पीकर घुमतच होता. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. गप्प राहिले असते तर मामंजींचा मान आज राहिला असता, पण उद्या देवळात सगळ्या गावासमोर गेला असता. मी जवळ जाऊन जरा मोठ्यानं म्हणाले, "मामंजी, घूं अजून येतंय."

त्यांनी डोळे उघडले. स्पीकरच्या कागदावर अलगद बोटं टेकवली. ती तिथंच राहिली. मग त्यांनी विचारलं, "कसलं घूं? बारीक का जाड?"

"जाड. अगदी खर्जातलं."

"मग कंडेन्सर न्हाय. एक डायोड तुटला असणार. निम्मीच वीज येतीया."

डायोड तुटलेलाच निघाला. तो बदलून त्यांनी पुन्हा बटण दाबलं, पण या वेळी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. डोळे मी मिटले.

"आता?"

"आता काहीच नाही."

"नक्की की?"

"नक्की."

आक्का पदरानं डोळे टिपत म्हणाल्या, "दादा, सुनंचं कान ब्येस हायत."

"माझंच हायत ते, आता," मामंजी म्हणाले.

कानाचं यंत्र आणलं, पण त्यांनी ते लवकरच काढून ठेवलं. "समदं एकसारखंच वरडतंय त्यात." संध्याकाळी आम्ही कळंबा तळ्यावर जायचो. ते काठावर बसून विचारायचे, "आत्ता काय वाजतंय?" मी सांगायची, पाखरं परततायत, लांब कुणीतरी म्हशीला हाकारतंय, पाणी दगडाला लागतंय. "कसं लागतंय?" "मांजर दूध पितं तसं." ते डोळे मिटायचे आणि ऐकू आल्यासारखे हसायचे. एकदा सगळंच निवांत होतं, म्हणून मी उगीच एक कोकिळा सांगून टाकली. "खोटं सांगू नगंस पोरी," ते म्हणाले. "तुझा चेहरा आत्ता काय ऐकत न्हाय."

गेल्या थंडीत मामंजी झोपेतच गेले.

मी अजून तळ्यावर जाते. वारा सुटतो, पाणी हलतं, आणि ते कसं वाजतंय हे सांगायला आधी माझ्या ओठांवर शब्द येतात. ऐकू येतं ते त्यानंतर.