थैल्यामागचं नाव

बेगम बाजारात त्रिवेणीबाईंचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही, नाक पुरतं. तीस वर्षं हिंग मळून बाईंच्या हातांना असा वास बसलाय की लग्नकार्यात बायका जरा सरकूनच बसतात. बाईंना त्याचं काडीचं वाईट वाटत नाही. "हौ, येतो वास. तुमच्या वरणाला चव काय आपोआप येते?" असं तोंडावर विचारून मोकळ्या होतात. नवरा प्रतापराव दुकान मांडून चार वर्षांत गेले. मुलगा विकास सिकंदराबादला रेल्वेत. दुकान चालवायचं ते बाईंनी आणि सून पल्लवीनं.

कच्चा हिंग येतो अफगाणिस्तानातून, आणि बाईंकडे तो यायचा मर्झियाकडून. ही तिकडच्याच हेरातची पोरगी उस्मानिया विद्यापीठात शिकायला आली होती. खोली बघायला आली आणि जिन्यातच थबकली. "आमच्या घराचा वास आहे हा," म्हणाली, कारण तिचा बाप हिंगाचाच व्यापारी. तीन वर्षं ती वरच्या खोलीत राहिली, बाईंना आई म्हणू लागली, मोडकंतोडकं मराठी बोलू लागली. बाईंनी तिला गोधडी शिवायला शिकवली. सुरुवातीला टाके असे वाकडे पडायचे की पल्लवी हसून हसून लोळायची.

मर्झिया परत गेली, बाप वारला, आणि तिकडे बंदूकवाले गादीवर बसले. बायांनी कामाला जायचं नाही, शिकायचं नाही, खिडकीत उभंही राहायचं नाही. पण ही पोरगी गप्प बसणारी थोडीच! तिनं नऊ विधवा बायांना आपल्या आतल्या खोलीत बसवलं आणि हिंग निवडायचं काम सुरू केलं. कागदावर नाव काकाचं. थैल्याचं तोंड मात्र ती स्वतः शिवायची, लाल दोऱ्यानं, गोधडीच्या टाक्यानं.

मग इकडे आपलं आणि शेजारच्या देशाचं फाटलं, अटारीच्या सरहद्दीवरची वाट बंद झाली. माल इराणच्या बंदरातून यायला लागला, तर तिथंही बाँब पडले. मग दुबईवरून. कुठल्याकुठल्या राजांची भांडणं, आणि बेगम बाजारातल्या बाईच्या चुलीला त्याची झळ! थैला चार चार महिन्यांनी यायचा. आला की बाई आधी दोऱ्यावरून बोट फिरवायच्या. "आहे गं, बरी आहे पोरगी," असं पल्लवीला सांगायच्या आणि मगच थैला उघडायच्या.

प्रतापरावांपासून या घरात एक रीत होती. खंडेनवमीला तराजू, खलबत्ता आणि वर्षातला शेवटचा थैला पुजायचा, आणि ज्याच्या हातून माल आला त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. ज्याचं खातो त्याचं नाव तरी घ्यावं, असं प्रतापराव म्हणायचे. गेल्या खंडेनवमीला पल्लवी दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानासाठी मोबाईलवर पूजा टिपत होती. बाईंना चेव आला. नुसतं नाव घेऊन थांबायचं की नाही? पण नाही! "ही माझी हेरातची लेक, मर्झिया," म्हणाल्या. बापाचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली. "सरकारच्या नाकावर टिच्चून नऊ बाया पोसते माझी वाघीण!"

"अक्का, टाकू का हे?" पल्लवीनं सासूला विचारलं.

"टाक की. कळू दे जगाला."

त्या दोन दिवसांत तिकडच्या सरकारनं सगळ्या देशाचं इंटरनेट बंद केलं होतं. मर्झियाचं उत्तर येईना, तर दोघी म्हणाल्या, नेट बंद आहे, येईल. इकडे व्हिडिओ धावत सुटला. हजारो लोकांनी शाबासकी दिली. बाई चष्मा लावून एकेक वाचत बसायच्या. तिसऱ्या दिवशी नेट सुरू झालं आणि मर्झियाचा आवाज आला, अगदी दबका. "आई, ते काढा. लवकर काढा."

पल्लवीनं तिथल्या तिथं काढलं. पण तोवर तो कुणाकुणाच्या फोनमध्ये गेला होता, देव जाणे.

पुढे फोन बंद. बाईंनी रोज लावला. अफझलगंजला सुक्या मेव्याच्या दुकानात येणाऱ्या पठाणांना विचारलं, दिल्लीला सरकारकडे पत्र धाडलं. कुठून काही नाही. जेवणावरची वासनाच उडाली त्यांची. पल्लवी म्हणायची, "अक्का, चूक माझी पण आहे." बाई म्हणायच्या, "तू विचारलं होतंस गं. मीच सांगितलं टाक म्हणून. माझ्या तोंडानं घात केला पोरीचा."

पाच महिन्यांनी दुबईवरून थैला आला. बाईंनी दोऱ्यावरून बोट फिरवलं. पांढरी सुतळी होती, मशीननं मारलेली, सरळसोट. हिंग मात्र अस्सल. सोबत काकाचा निरोप फोनवर लिहून आला होता: "वो अब काम नहीं करती. मेहरबानी करके उसका नाम मत लीजिए."

बाईंनी तो निरोप पल्लवीकडून चारदा वाचून घेतला. आहे की नाही, एवढंही त्यात नव्हतं. दुपारी मात्र त्या मळायला बसल्या. गिऱ्हाईक थांबत नाही. त्या दिवशी हिंग मळताना त्या मोठमोठ्यानं रडल्या आणि पल्लवीनं त्यांना अडवलं नाही.

यंदा खंडेनवमी आली. तराजू पुसला, खलबत्त्याला हळदकुंकू लागलं, सुतळीचा थैला पाटावर ठेवला. मोबाईल पल्लवीनं आधीच आत कपाटात ठेवला होता. विकासही रजा काढून आलेला. आरती झाली आणि सवयीनं तो म्हणाला, "आई, नाव घे ना."

त्रिवेणीबाईंनी तोंड उघडलं आणि काकाचा निरोप आठवला. आई म्हणणाऱ्या पोरीसाठी आता त्यांच्या हातात एवढंच उरलं होतं. पदर गच्च तोंडावर धरून त्यांनी थैल्यावर फूल वाहिलं आणि नाव घेतलं नाही.