ओल्या गिलाव्यावरचं कपाळ

गवंडीकामात मी चाळीस वर्षं काढली. ओळंबा लावल्यासारखी सरळ भिंत उचलणारा माणूस एकच पाहिला. सगळे त्याला ओळंबाच म्हणायचे. आपण आपल्या भिंतीइतके सरळ नाही, हे तो स्वतःच सांगायचा. त्याच्या पिशवीत थापी, गुरमाळा आणि बायबल असायचं. बायबलात खुणेला पॉलिश पेपरचा तुकडा. म्हणायचा, "वाचताना बोट घासलं पाहिजे. गुळगुळीत वाचन अंगी लागत नाही."

एकदा चर्चच्या मागच्या खोलीला गिलावा करायचा होता. अर्धी भिंत ओळंब्याची, अर्धी त्याच्या मेहुण्याची. पाळकांनी सांगून ठेवलं होतं, ज्याचं काम सरस, त्याने वेदीमागची भिंत करायची. मी माल कालवायला होतो.

दुपारी दोघांचं उरकलं. ओळंब्याने पट्टी लावून पाहिली. मेहुण्याची बाजू सरस. पट्टी उलटी करून लावली. तरी सरस.

मेहुणा जेवून बाहेर गोण्यांवर घोरायला लागला. ओळंबा त्याच्या ओल्या भिंतीसमोर उभा राहिला. उजव्या हाताचं बोट वर आलं. ते त्याने डाव्या हाताने धरलं.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"सैतान बोट मागतोय. एकच. करंगळीही चालेल म्हणतो."

"देताय?"

"नाही. तू माल हलव, घट्ट होईल."

बायबल काढून कुसळ आणि मुसळाचा उतारा त्याने दोनदा वाचला. मग हात पाठीमागे बांधून भिंतीशी गुडघे टेकले, डोळे मिटले. मोहात पडू देऊ नको, हे इतक्यांदा म्हणाला की मला वाटलं, अडकला. घाम फुटला होता. प्रार्थनेत अंगचोरी नव्हती, हे मान्य करतो. जोर लावता लावता तो पुढे कलत गेला. मी हाक मारायला हवी होती, पण प्रार्थना मध्येच तोडू नये अशी आईची शिकवण. आमेनला त्याचं कपाळ मेहुण्याच्या गिलाव्यात अर्धं बोट रुतलं. खाली नाकाचीही खूण.

"बोट दिलं नाही," तो म्हणाला.

"नाही. डोकं दिलंत."

त्याने खड्ड्याकडे पाहिलं. "मघाशी इथे मांजर फिरत होतं ना?"

"सैतान परत आला का?"

"गेलाच कुठे होता."

तेवढ्यात मेहुणा आला. ओळंब्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. "मी केलं. बोट खुपसणार होतो. ते टाळायला प्रार्थनेला बसलो, तर हे झालं."

मेहुण्याने खड्डा पाहिला, मग त्याचं सिमेंट लागलेलं कपाळ. "भावोजी, ताई म्हणायची, यांचं डोकं आपटलं तर भिंतच खचेल. मला वाटायचं, बाई वाढवून सांगते."

"हसू नको. सरक."

ठिगळाने भागलं असतं. ओळंब्याने मेहुण्याची अख्खी बाजू खरवडली आणि दिवस मावळेपर्यंत नव्याने केली.

सकाळी पाळक आले. भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "सरस कोणाची?"

आता दोन्ही बाजू ओळंब्याच्या हातच्या. मी त्याच्या बोटाकडे पाहिलं. बोट वर आलं आणि मेहुण्याकडे वळलं.

"याची होती. मी पट्टी लावली होती. दोनदा."

वेदीमागची भिंत मेहुण्याने केली. वाळू चाळून माल कालवला ओळंब्याने. पुढे प्रार्थना तो तशीच रेटून करायचा, पण भिंतीपासून दोन हात लांब बसून.