महालक्ष्म्यांच्या दिवशीचा डबा

आमच्या साखरा गावाहून मी निघालो तो महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस होता. आमच्याकडं या दिवशी बाहेरगावी गेलेली माणसं घरी येतात. मी त्या दिवशी घर सोडलं. दिवस मीच निवडला होता. पुण्याच्या कंपनीत दोन दिवस उशिरा हजर झालो असतो तरी कुणी काही म्हणणार नव्हतं. पण मला साऱ्या गावाला दाखवून द्यायचं होतं की हा आता प्रभूचा झाला.

सेनगावला जाणारी काळी-पिवळी जीप घरापुढं उभी होती. घरात पुरणाचा वास, आंबिलीचं पातेलं, महालक्ष्म्यांच्या डोक्यावर टांगलेला करंज्या-पापड्यांचा फुलोरा. दादा माझी बॅग टपावर बांधत होता. माय पदराला हात पुसत ओट्यावर आली आणि माझ्या हातात स्टीलचा डबा दिला. "वाटंत खाय. पोळ्या हायेत. तूप लावलंय."

दारात भावकीतल्या बायका उभ्या होत्या. मी त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "नैवेद्याचं मला चालत नाही, माय." आणि डबा ओट्यावर ठेवून दिला.

मायनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग मागं वळून बायकांकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "बरं. पाणी तरी पिऊन जाय." पाणी प्यायलो आणि जीपमध्ये बसलो. चारचौघांत अपमान झाला म्हणून ती गप्प बसली, असं मला वाटलं. खरं सांगतो, त्या वेळी बरंही वाटलं.

माझ्या विश्वासाला माय आडवी आली होती असंही नाही. हिंगोलीला आयटीआय करताना मी दारूला लागलो होतो. खोलीतल्या मित्रानं प्रार्थनेला नेलं, आणि काही महिन्यांत ती सुटली. वडील चिडले, भावकीनं नावं ठेवली. माय म्हणाली, "सुटली न्हवं? मग कोन्याबी देवानं सोडवू दे." एवढी मोकळी बाई. पण तिच्या स्वतःच्या देवाच्या बाबतीत तिच्यासारखी कडक कुणी नव्हती. मी लहान असताना नैवेद्याआधी पुरणात बोट घालून चाटलं, तर पाठीत असा धपाटा बसला होता की वर्षभर मी पुरणाकडं बघताना आधी तिच्याकडं बघायचो.

पुण्यात चिखलीला खोली घेतली. शिफ्ट, ओव्हरटाइम, आणि रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये उपासना. शिष्यत्वाच्या वर्गात शिकलो की आज्ञापालनाची किंमत मोजावी लागते. माझ्याकडं मोजलेली किंमत तयारच होती. साक्ष द्यायला उभा राहिलो की मी डब्याची गोष्ट सांगायचो. आई डबा घेऊन उभी होती, पण मी प्रभूची आज्ञा मोडली नाही. मंडळी टाळ्या वाजवायची. दरवेळी गोष्टीत थोडा मीठमसाला पडत गेला. पुढं पुढं तर माय त्यात रडायलाही लागली. ती रडली नव्हती.

दर भादव्यात तिचा फोन यायचा. "येतूस का महालक्ष्म्याला?"

"माय, तुला माहीत आहे."

"तुझ्यापुरतं येगळं ठेवते की."

"वेगळं म्हणजे त्याच पातेल्यातलं ना?"

मग ती पावसापाण्याचं विचारायची, पुढं मला मुलगी झाल्यावर नातीचं विचारायची. माझ्या लग्नानंतर बायकोनं दोन-तीनदा सुचवलं की जाऊन तर येऊ. मी तिलाही बायबलमधली वचनं काढून दाखवली. दिवाळी गेल्यावर जायचो, उन्हाळ्यात जायचो. महालक्ष्म्यांना अकरा वर्षं गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात माय गेली. ताप आला, दोन दिवसांत संपलं. तिचं सगळं झाल्यावर एका सकाळी मी स्वयंपाकघरात बसलो होतो. वहिनी फळीवरची भांडी उतरवत होत्या. त्यांनी एक स्टीलचा डबा माझ्यापुढं ठेवला. झाकणावर माझं नाव कोरलेलं. तोच डबा.

"हा कोण वापरतं?" मी विचारलं.

"कोणीच न्हाई, भाऊजी. तुमचा हाय. आत्याबाई दुसऱ्या कामाला वापरू देत न्हवत्या." वहिनी हातातलं भांडं खाली ठेवून माझ्यापुढं बसल्या. "तुमी गेलते त्या साली मी नवी नवरी. चुलीपाशी आमी दोघीच. आत्याबाईनं पयल्या चार पोळ्या या डब्यात भरल्या. अजून नैवेद्याचं ताटबी वाढलं न्हवतं. मी भ्याले. म्हटलं, हे काहून? तर म्हणल्या, गप बस, त्याला देवाला दाखवलेलं चालत न्हाई. मग लक्ष्म्यांपुढं जाऊन कान धरले. म्हणल्या, माय, आज तुला मागून. लेकरू लांब चाललंय."

"मग बोलली का नाही तेव्हा?"

"कशी बोलतील? भावकीच्या बाया दारात. लक्ष्मीच्या आधी लेकाला वाढलं म्हणून वर्षभर बोलल्या असत्या. तुमची जीप गेली, पोळ्या गाईला घातल्या. त्या दिवशी आत्याबाई जेवल्याच न्हाईत. पुढं दरसाली डबा असाच भरायच्या. अवचित आलात तर असावा म्हणून."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. आईबापांचा मान राखायची आज्ञाही मला पाठ होती. ती पाळायला मला तोंड बंद ठेवून एक डबा घ्यायचा होता, बस्स. आणि जिनं कधी शास्त्र वाचलं नाही तिनं माझ्या देवाचा नियम पाळण्यासाठी आपल्या देवाचा मोडला.

पुण्याला परतल्यावर पहिल्याच रविवारी मंडळीपुढं उभा राहिलो आणि म्हणालो, इतकी वर्षं दिलेली ती साक्ष खोटी होती. मग खरी गोष्ट सांगितली. टाळ्या वाजल्या नाहीत. जागेवर येऊन बसलो तेव्हा बायकोनं माझा हात धरून ठेवला.

साखऱ्यात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, घर कुठलं असं कुणी विचारलं की मी अजून साखराच सांगतो. तिथं देवाच्याही आधी माझा वाटा बाजूला काढणारं माणूस होतं. तो वाटा मी अकरा वर्षं गाईला घालायला लावला. माझा विश्वास आहे तोच आहे. नैवेद्याचं मी आजही खात नाही. पण तो डबा मला चालत होता.